टाकीच्या तळाचं पाणी

६ नोव्हेंबर

छकुलीच्या पप्पांना सुरेखाचा नमस्कार.

तुम्ही घरातून गेल्याला महिना झाला. तुम्ही म्हणाल, आता पत्र कसं आलं. तर हे पत्र आपल्या भांडणाचं न्हाई. त्यातलं एक अक्षर ह्याच्यात सापडायचं न्हाई. हे पत्र फक्त मोटरसायकलीबद्दल हाय.

आपलं शिमकार्ड तिकडं लडाखात चालत न्हाई, हे कळलं. तरीबी तुम्ही ठेकेदाराच्या फोनवरून आष्टीला राजानंदच्या गॅरेजवर फोन केल्ता, तेबी कळलं. बायको कशी हाय, पोरगी कशी हाय, काही न्हाई. "गाडीवर कव्हर टाकलं का" एवढंच विचारलं. टाकलंय. तुमचा पत्ता राजानंदनंच दिला.

आता मुद्द्याचं. गाडी उभी राहून खराब हू नये म्हणून आम्ही ती मधून मधून चालू करून ठेवतो. चावी तुम्ही रागात खिशात घालून नेली, म्हणून राजानंदकडून लॉक बदलून घेतलं. जुनं लॉक कपाटात जपून ठेवलंय, त्याची काळजी करू नका. तर दिवाळीनंतर थंडी पडली आन गाडीनं नाटकं सुरू केली. पहाटे किक मारू मारू पाय भरून येतो. पहाटे म्हणजे सकाळी, चांगलं उजाडल्यावर. आन पाय राजानंदचा. किक तोच मारतो. चालू झाली तर दोनदा फटफट करून बंद पडती, जसा काय कुणी तिचा अपमान केला. तीच गाडी दुपारी एका किकला चालू.

तुमच्या काकासाहेब चुलत्यांनी इलाज सांगितला. म्हणले, "पेट्रोलला थंडी वाजती. टाकीत दोन डांबरगोळ्या टाक. आम्ही तरुणपणी हेच करायचो." साड्यांच्या ट्रंकेतल्या दोन गोळ्या काढून टाकल्या. गाडी चालू झाली न्हाई ती न्हाईच, पण दुपारी चालू केल्यावर सगळ्या गल्लीला ट्रंक उघडल्यासारखा वास. तुमच्या आई म्हणल्या, टाकीला रात्री गोधडी घाला. म्हणून आता तुमची गोधडी गाडीवर असती. गाडी तुमच्यापेक्षा शांत झोपती, घोरत न्हाई.

तुम्ही तिकडं बर्फात जेसीबी चालवून राह्यले. तुम्हाला थंडीतल्या पेट्रोलची माहिती असंल. फक्त तेवढं कळवा. बाकी काही लिहायची गरज न्हाई.

सुरेखा

ता.क. छकुली बरी हाय. तुम्ही विचारलं न्हाई, पण मी सांगून टाकते.


२७ नोव्हेंबर

छकुलीच्या पप्पांना नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. दोन पानं. "सौ. सुरेखास" इथून थेट "कार्बेटरच्या खाली एक स्क्रू असतो" इथं. मधी एक ओळ न्हाई. बाईनं नवऱ्याचं पत्र म्हणून हौसेनं उघडावं आन आत गॅरेजचा फळा निघावा, तसं झालं.

पण तुमचं एक एक अक्षर बराबर निघालं. तुम्ही लिहिलं की टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेला थंडीत घाम फुटतो, तो पेट्रोलात उतरतो. आन आजकालच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळलेलं असतं, ते पाणी पितं, आन लई पिलं की पाण्याला घेऊन तळाला बसतं. मला आधी पटलं न्हाई. मंग तुम्ही सांगितलं तसं नळी काढून लोणच्याच्या काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल घेतलं, अंगणात ठेवलं आन बघत बसले. घटकाभरानं तळाला नखाएवढा वेगळाच थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी, मधी सरळ रेघ. मला एकदम वाईट वाटलं. एवढे दिवस मी त्या गाडीला नाही नाही ते बोलले, आन ती बिचारी पाणी पिऊन चालायला बघत होती.

ते पेट्रोल सगळं काढलं, डांबरगोळ्यासगट. कार्बेटरचा स्क्रू ढिला करून त्यातलं पण काढलं. टाकी काठोकाठ भरली. आता घरी आल्यावर आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करते, नळीतलं पेट्रोल जळून गाडी आपोआप बंद पडली की मंग चावी फिरवते. सकाळी कॉक उघडायचा, चोक ओढायचा, चावी न लावता तीन किका, मंग चावी लावून चौथी. चौथीला चालू! आई दारात येऊन म्हणल्या, "पेटली का गं?" म्हणलं, "चालू झाली, आई. पेटली म्हणू नका."

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. दोन पानांत तेवढी एकच ओळ गाडीची न्हाई. "राजानंद पहाटे आपल्या घरी कामून येतो?"

तर सांगते. राजानंद येत न्हाई. किक मी मारते.

आन किक मारून गाडी नुसती उभी ठेवत न्हाई, चालवते. तुम्ही गेल्यावर आठ दिवसांत राजानंदच्या बायकोनं, मीनानं, मला खळ्यावर शिकवली. तिला येती, हे राजानंदलाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी तुरीत गेले. तुरीला काही झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी परत त्याच तुरीत गेले, तवा थोडं झालं. तिसऱ्या दिवसापासून तूर वाचली. साडीच्या आत छकुलीची ट्रॅकपँट घालते, वर तुमचं जर्किन. काकासाहेब पहिल्यांदा बघून म्हणले, "कोण रे तो?" मी म्हणलं, "मी हाव." तर डोळे चोळत घरात गेले.

डेअरीला दूध घालायला जाते. दोन किटल्या, एकीकडं एक, दुसरीकडं एक. बस, एवढंच. तुम्ही सांगितल्याप्रमाणं टाकी कधी रिकामी ठेवत न्हाई. दर रविवारी काठोकाठ भरते, सव्वाचार लिटर बसतं. बघा, किती काळजी घेते.

रागावले असाल तर तसं लिहा. पण त्याच्या आधी हे लिहा, की चोक किती वेळ ओढून ठेवायचा. मीना म्हणती लगेच ढकल, राजानंद म्हणतो इंजिन गरम होऊ दे. नवरा-बायकोचं पटत न्हाई.

सुरेखा


१६ डिसेंबर

छकुलीच्या पप्पांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. ह्या खेपेला सुरुवातच गणितानं. "एक लिटरला गाडी साठ किलोमीटर देते. आठवड्याला सव्वाचार लिटर म्हणजे अडीचशे किलोमीटर. डेअरी दीड किलोमीटरवर हाय. तू दूध आष्टीच्या डेअरीत घालती का नांदेडला नेऊन घालती?"

मी हसले. मंग दारामागं जाऊन बसले, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही शाळेत गणितात नापास होत होते असं आईंनी मला लग्नात सांगितल्तं. पेट्रोलाच्या गणितात तुम्ही पास झाले आन मी सापडले.

आता खरं लिहिते. लिहायचं नव्हतं.

मी रोज पहाटे साडेचारला निघते. मागं छकुली असती. अठरा किलोमीटर परतूर, तिथलं मैदान. तिथं दहा-बारा पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. ती धावती, मी फोनमधी टाइम धरते. सात वाजता परत, येताना डेअरी. दूध खोटं न्हाई. फक्त दुधाच्या आधी छत्तीस किलोमीटर हायेत.

तुम्ही म्हणाल, मी ज्याच्यासाठी घर सोडलं तेच तू माझ्या गाडीवर करून राह्यली. हो. करून राह्यले.

त्या दिवसाचं मला तुम्हाला एकदा सांगू द्या, कारण तुम्ही ऐकायच्या आधी पिशवी उचलली होती. पाहुणे दहाला येणार होते, नऊला आले. त्यात छकुलीची काय चूक? ती पळून आल्ती, अंगाला घाम, पायात बूट. मी म्हणलं तोंड धुऊन ये, तर ती तशीच पोह्याचं ताट घेऊन गेली. मुलाच्या मामानं विचारलं, "काय काय येतं गं तुला?" ती म्हणली, "आठशे मीटर तीन मिनिटं नऊ सेकंदात येतं. गोळा अजून जमत न्हाई." मामाच्या हातातला पोह्याचा चमचा तिथंच राहिला. मुलगा मात्र म्हणला, "तीन-नऊ? माझं तीन-चाळीस हाय." मंग ते उठले.

तुमची मान खाली गेली, ते मी बघितलं. ते मला बरं वाटलं न्हाई. पण तुम्ही तिला म्हणले, "तुला खाकी घालायची असंल तर ह्या घरात एक तर ती वर्दी राहील, न्हाई तर मी." ती वीस वर्षाची पोर. तिनं काय बोलावं? ती म्हणली, "वर्दी अजून मिळाली कुठं, पप्पा?" ते ती उलट बोलली न्हाई, खरंच विचारलं. तुम्हाला उलट वाटलं. आन तुम्ही दसऱ्याच्या चौथ्या दिवशी त्या ठेकेदाराबरोबर बोगद्याच्या कामाला निघून गेले. आष्टीच्या माणसानं रुसून आष्टीत बसावं, परतूरला बसावं. तुम्ही थेट बर्फात जाऊन बसले.

आता तीन मिनिटं नऊ सेकंदाचं तिनं दोन मिनिटं अठ्ठावन्न केलंय. गोळा पण जाऊन राह्यला.

तुमच्या आई अजून तुमच्या बाजूनं हायेत. छकुलीशी बोलत न्हाईत. ताट वाढतात आन भिंतीला सांगतात, "जेवून घे म्हणावं."

हे वाचून तुम्ही पत्र फाडा, जाळा. तिकडं थंडी लई हाय, जाळलं तर कामाला यील. पण एक विचारते. जानेवारीत जालन्याला मैदानी चाचणी लागणार हाय. सत्तर किलोमीटर, पहाटेचं, कडाक्याच्या थंडीत. एवढ्या लांब मी कधी गेले न्हाई. गाडीच्या पेट्रोलाचं काय काय बघून निघावं? हे तरी सांगा. तुम्ही लिहिलंय की तिकडं थंडीनं डिझेलचं तूप होतं आन तुम्ही सकाळी टाकीखाली शेकत बसता. माणूस डिझेलची एवढी काळजी करतो, तर पोरीच्या पेट्रोलची पण करील, असं मला वाटतं.

सुरेखा


३ जानेवारी

छकुलीच्या पप्पांना नमस्कार.

पत्र न्हाई. रोज पोस्टमनला विचारते. काल त्यानंच मला विचारलं, "वहिनी, तुम्हीच एखादं लिहून टाकता का, मी आणून देतो."

हॉलतिकीट आलं. बारा तारीख, सोमवार. जालना. साडेसहाला गेट बंद. पहिली यष्टी जालन्यात सातला लागती. आदल्या दिवशी जाऊन राहावं तर तिथं आपलं कुणी न्हाई, आन चाचणीच्या आदल्या रात्री स्टँडवर बसवून पोरीला पळायला लावू का? म्हणून मोटरसायकलच.

तुम्ही सांगितलं न्हाई, तर तुमच्या जुन्या पत्रांतूनच मी यादी काढली. ती पत्रं मी पिठाच्या डब्यामागं ठेवलीत, आता त्यांना पिठाचा आन पेट्रोलचा मिळून वास येतो. टाकीच्या झाकणाचं रबर तडकल्तं, राजानंदकडून नवीन बसवलं, म्हणजे दव आत जायचं न्हाई. पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्लग मी स्वतः घासला. जिथं गाड्यांची रांग असती त्या पंपावरून पेट्रोल आणलं, कारण तुम्ही लिहिलंय की जिथं खप जास्त तिथं पेट्रोल शिळं होत न्हाई. परवा एक भांडं भरून बरणीत बघितलं. एकच रंग. तळाला काही न्हाई. छकुली म्हणली, "मम्मी, तू माझ्या रक्ताची तपासणी एवढी केली न्हाई."

आज सकाळी आमच्याकडं नऊ डिग्री होतं. तुम्हाला हसू यील. तुम्ही वजा अठरात. पण नऊ डिग्रीत हँडल धरलेल्या बोटांना हे माहीत नसतं की लडाखात वजा अठरा हाय.

माझ्याशी बोलू नका. पण पेट्रोलबद्दल तर बोला. त्याचं आन तुमचं काही भांडण न्हाई.

सुरेखा


१३ जानेवारी

छकुलीच्या पप्पांना नमस्कार.

काल चाचणी झाली. तुम्ही विचारलं न्हाई, तरी सगळं लिहिते. तुम्हाला ऐकायचं नसंल तर फक्त पेट्रोलचा भाग वाचा, तो मधीच हाय.

चारला उठलो. चोक, तीन किका, चौथीला चालू. धुकं एवढं की हेडलाइटचा उजेड समोर भिंतीसारखा उभा. मी वीसच्या वर गेले न्हाई, मंग तीसच्या, मंग छकुली मागून म्हणली, "मम्मी, ह्या स्पीडनं गेलो तर मी पळत जाते." म्हणून चाळीस.

परतूर गेलं. वाटूर फाटा जवळ आला आन गाडी आचका देऊ लागली. एकदा, दोनदा, मंग फट्ट. बंद. किक मारली. न्हाई. परत मारली. न्हाई. पाच वाजले होते. पुढं पंचेचाळीस किलोमीटर.

मी तिथंच उभी राहिले. मला तुमचा लई राग आला. खरं सांगते, गाडीचा न्हाई आला.

फाट्यावर चहाचं एक हॉटेल उघडलं होतं. तिथं ट्रकवाले बसल्ते. एक जण आला, "मावशी, बाजूला व्हा, बघू." दुसरा म्हणला, "प्लग गेला असंल." तिसरा म्हणला, "टाकी हलवा." मी म्हणलं, "दादा, एक रिकामी बाटली द्या. आन बिड्या विझवा." हॉटेलवाल्यानं पाण्याची बाटली रिकामी करून दिली. नळी काढली, बाटलीत धरली, फोनच्या टॉर्चमधी बघितलं.

तळाला पाणी. नखाएवढं न्हाई, चार बोटं.

मला खरंच वाटलं की मी येडी झाले. नवीन रबर, नवीन फिल्टर, बरणीत बघितलेलं पेट्रोल, आन पाणी कुठून? एवढ्या पाण्यात तर भात होईल. मी छकुलीकडं बघितलं. ती फाट्यावर गरम होण्यासाठी जागच्या जागी पळत होती, ती थांबली.

"मम्मी," ती म्हणली, "आजी आपण निघायच्या आधी टाकीचं झाकण उघडत होती."

"आन?"

"देवघरातला गडवा होता हातात. मला म्हणली, तुझ्या मम्मीला सांगू नको. गाडीलापण तीर्थ द्यावं लागतं, तीच नेणार हाय ना तुला."

तीन महिने ज्या सासूबाई पोरीशी भिंतीतून बोलत होत्या, त्या पहाटे चारला उठून आमच्या बाजूनं झाल्या. मला त्याचा किती आनंद झाला असता. फक्त बाजू दाखवायला त्यांनी सगळ्या गावात नेमकी पेट्रोलची टाकीच कामून धरावी?

ट्रकवाल्यांना कळलं. ते एवढे हसले की एक जण बाकावरून उठून दूर गेला. हॉटेलवाला म्हणला, "गंगेचं पाणी हाय, मावशी, वाया घालवू नका." मी हसले न्हाई. मला तुमचं पहिलं पत्र पाठ होतं. पान दुसरं, वरून चौथी ओळ. "पाणी तळाला बसतं. रिझर्व्हची नळी तळापासून ओढती, मेनची वरून ओढती. म्हणून पाणी काढायचं तर कॉक रिझर्व्हवर टाकून काढ, मंग मेनवर आण." कॉक रिझर्व्हवर टाकला. गाडी जरा कॉकच्या अंगाला कलती धरायला त्या तीन ट्रकवाल्यांना लावलं. बाटली भरली, लांब नेऊन वाळूत ओतली. परत भरली. तिसऱ्या बाटलीत तळाला काही न्हाई. मंग कार्बेटरचा स्क्रू. बोटं एवढी बधिर की स्क्रू सापडंना. छकुलीनं माझे दोन्ही हात तिच्या काखेत धरले, घटकाभर. मंग सापडला. तोपण रिकामा केला, घट्ट केला. नळी लावली, कॉक मेनवर. चोक.

तीन किका. चौथी. न्हाई.

पाचवी. न्हाई.

सहावीला ती खोकली, आन चालू झाली. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यानं मला बाजूला व्हा म्हणल्तं, तो म्हणला, "मावशी, तुमचं गॅरेज कुठं हाय?"

पाच-पंचवीस झाले होते. पुढचं मला नीट आठवत न्हाई. छकुली म्हणती मी पन्नासच्या खाली उतरले न्हाई आन सगळ्या वाटेनं मोठ्यानं बोलत होते. काय बोलत होते ते तिनं सांगितलं न्हाई. सहा-वीसला गेटवर. तिथल्या बाई हवालदारानं माझ्याकडं बघितलं, हाताला काळं, जर्किनला पेट्रोलचा वास, साडी ट्रॅकपँटीत खोचलेली. म्हणल्या, "उमेदवार कोण?"

गोळा चांगला गेला. शंभर मीटर ठीक. आठशेला ती सगळ्यात शेवटी पळायला लागली आन मला वाटलं संपलं. मंग दुसऱ्या चकरात ती एकेक पोरगी मागं टाकत आली. मी कठड्याच्या बाहेर होते. तिथूनच फोनमधी टाइम धरला.

आकडा लिहीत न्हाई. तुम्हाला पाहिजे असंल तर विचारा.

घरी आल्यावर आई दारात. "झालं का नीट?" मी म्हणलं, "झालं. गाडीनं तीर्थ घेतलं, वाटूर फाट्यावर परत दिलं." त्यांना काही कळलं न्हाई. त्यांनी छकुलीच्या तोंडावरून हात फिरवला. भिंतीकडं बघितलं न्हाई.

सुरेखा


९ फेब्रुवारी

छकुलीच्या पप्पांना नमस्कार.

तुमची दोन पत्रं आज एकदम आली. पोस्टमननं बक्षिसी मागितली.

एक जानेवारीच्या शेवटचं. दुसऱ्यावर तारीख २७ डिसेंबर. माझं खरं सांगितलेलं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं. पाकिटावर पाणी पडून अक्षर फुटलंय. तुमचा घाट बर्फानं बंद होता म्हणे, टपाल महिनाभर अडकून पडलं. आन मी हिकडं महिनाभर तुम्हाला मनात काय काय बोलले, ते आता परत घ्यायला गेले तर एक गाडी भरंल.

डिसेंबरचं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानं. सत्तर किलोमीटरला निघायच्या आधी पेट्रोलाचं काय काय बघायचं, ते एकोणीस मुद्दे. त्यातले सतरा मी आपल्या मनानं केल्ते, तुम्ही नसताना. दोन राहिले होते. एक, वाटेत थांबल्यावर टाकी उन्हात उभी करणं. ऊनच नव्हतं. आन दुसरा, "निघताना टाकीला कुलूप लाव, कुणी काही घालू नये." तुम्ही तुमच्या आईला ओळखता.

मंग मुद्दा वीस. त्याला आकडा घातलाय पण तो पेट्रोलचा न्हाई. तुम्ही लिहिलंय की पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही पोलीस भरतीला गेल्ते. ते मला माहीत होतं. उंचीत अर्धा इंच कमी भरले म्हणून परत पाठवलं, हे लग्नात तुमच्या मामांनी सांगितलं, काकासाहेबांनी सांगितलं, सगळ्या गावाला पाठ हाय. तुम्ही लिहिलंय, उंची बराबर भरली होती. पळताना शेवटच्या चकरात तुम्ही खाली बसले. कुणी ढकललं न्हाई, चक्कर आली न्हाई. बसले. आन घरी येऊन अर्धा इंच सांगितला. "पोरगी तशी बसलेली मला बघवली नसती, म्हणून मी निघून आलो," असं लिहिलंय. त्याच्या खाली लगेच, "प्लगमधला गॅप तपास."

मी ते पत्र छकुलीला दाखवलं न्हाई. तुम्हीच सांगा तिला. मी फक्त एवढं म्हणलं की पप्पांचं पत्र आलंय. ती म्हणली, "काय म्हणतात?" म्हणलं, "प्लगमधला गॅप तपासा म्हणतात." ती म्हणली, "म्हणजे राग गेला."

जानेवारीच्या पत्रात तुम्ही पाऊण पान तीर्थावर लिहिलंय, की गडव्यात किती पाणी मावतं आन त्यातलं स्पिरिटानं किती पिलं असंल. आन शेवटी एक ओळ, "आठशेचा टाइम किती?"

दोन मिनिटं बावन्न.

यादी लागली. तिचं नाव लेखीला आलंय. पुढं काय होईल ते होईल. तिनं पुस्तकं काढलीत आन आई तिला चहा नेऊन देतात, हाताला हात लावून देतात.

आता तुमच्या येण्याचं. तुम्ही लिहिलंय, पंधरा तारखेला पहाटेच्या रेल्वेनं परतूरला उतरतो, राजानंदला गाडी घेऊन स्टेशनवर पाठव, घरी मी चालवत नेईन. राजानंद येणार न्हाई. मी येते. गाडी मीच आणीन आन मीच नेईन. तुम्हाला मागं बसायला चालत असंल तर उतरा, न्हाई तर तशाच रेल्वेनं परभणीपर्यंत जा आन विचार करून परत या.

रागानं लिहिलं न्हाई. एक गोष्ट मला ह्या थंडीत कळली, ती तुम्ही कुठल्याच पत्रात लिहिली न्हाई. मागं बसणाराला वारा लागत न्हाई. बावीस वर्षं मी तुमच्या पाठीमागं बसून परतूरला आले, माहेरी गेले, दवाखान्यात गेले, आन मला वाटायचं थंडी एवढीच असती. सगळा वारा तुम्ही पुढं बसून खात होते, आन कधी बोलले न्हाईत.

आता तुम्ही मागं बसा. तोंडाला रुमाल बांधायची पण गरज पडायची न्हाई.

सुरेखा